चौतीस दात्यांची चकती

"म्हाताऱ्यांचा गिअर मला नको!"

"ताई, गिअरला वय नसतं."

"मला आहे ना! चोपन्न. आता या वयात गरगर पाय फिरवत गोगलगायीसारखी चढ चढू? लोक पोट धरून हसतील."

"आणि आत्ता ढकलत नेतेस तेव्हा काय टाळ्या वाजवतात?"

नर्सबाईंनी इंजेक्शनांची बॅग टेबलावर अशी आपटली की पंक्चरच्या ठिगळांचा डबा जागच्या जागी उडाला. दुकान सायकलवाल्या धाकट्या भावाचं. एकच खोली, छताला टांगलेली चाकं, आणि बसायला एक स्टूल. तेही ताई आली की तिचंच.

नर्सबाई गेली सव्वीस वर्षं सायकलवरून घरोघरी जात होत्या. कुणाला टोचायचं, कुणाची पट्टी बदलायची, कुणाला नुसतंच दटावायचं. सगळं सपाटीवर होतं तोवर ठीक होतं. पण वरची वस्ती टेकडीच्या माथ्यावर, आणि तिथलं शेवटचं वळण एवढं उभं की तिथे अलीकडे नर्सबाईंना उतरून सायकल ढकलावी लागे. त्यामुळे महिन्यात तीनदा उशीर झाला. वर राहणारे मास्तर नऊला इन्सुलिन घेतल्याशिवाय न्याहारी करू शकत नाहीत, आणि उपाशी मास्तर म्हणजे तापलेला तवा. त्यांनी सुवाच्य अक्षरात दवाखान्यातल्या मोठ्या बाईंना तक्रार लिहिली. मोठ्या बाईंचा निकाल आला: आणखी एकदा उशीर झाला, तर वरची वस्ती स्कूटरवाल्या नव्या नर्सकडे.

"जाऊ दे की मग तिच्याकडे," भाऊ म्हणाला. "तू सपाटीवर फिर आरामात."

"वा रे वा! त्या वस्तीतली निम्मी माणसं माझ्या हातात पहिल्यांदा रडलीत. कुणाच्या कुठल्या गुडघ्यात काय आहे, ते त्या पोरीला ठाऊक आहे का?"

"मग चकती बदलू दे मला."

"बदल. पण पुढची मोठी घाल. मोठी म्हणजे ताकदीची."

भावाने कपाळावर हात मारून घेतला. कपाळ ग्रीसने काळं झालं. "उलटं, ताई! मागच्या चकतीला जितके दाते जास्त, तितका चढ हलका. तुझी सगळ्यात मोठी अठ्ठावीस दात्यांची. मी चौतिसाची घालतो. साखळीही जरा लांब घालावी लागेल."

"अठ्ठावीसच कशावरून?"

"मोज की."

नर्सबाईंनी मागचं चाक उचलून हाताने गरकन फिरवलं आणि नजर मनगटावरच्या घड्याळाला लावली. ओठ हलत राहिले. बरोबर एक मिनिट.

"एकशे बारा."

"ताई, ही नाडी नाही! चाक थांबवून मोज!"

"थांबलेलं मोजायची वेळ माझ्यावर कधी येऊ नये बाबा."

भाऊ हसता हसता खाली बसला. मग म्हणाला, "वस्तीतल्या म्हाताऱ्यांना जिन्यात काय सांगतेस तू? एकेक पायरी, दमानं, घाई नको. सांगतेस ना?"

"ते पेशंट आहेत."

"आणि तू?"

"मी नर्स आहे."

"नर्सला गुडघे नसतात वाटतं."

नर्सबाईंनी नकळत गुडघा चोळला. मग म्हणाल्या, "घाल. पण कुणाला सांगायचं नाही."

सोमवारी ते उभं वळण आलं आणि त्यांनी गिअर टाकला. पायांखालचं ओझं एकदम गेलं. साखळीच पडली असं वाटून त्यांनी वाकून पाहिलं, तर साखळी जागेवर. पाय शिलाई मशीनसारखे फिरत होते आणि सायकल मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मागून धुण्याचं गाठोडं घेतलेली एक बाई चालत आली.

"नर्सबाई, मी पुढे होऊ का?"

"व्हा बाई, व्हा."

"बिघडली का सायकल?"

"नाही, दुरुस्त झालीय!"

एरवी वाटेत चार ठिकाणी दम खायला थांबावं लागे, आज एकदाही नाही; वर पोचल्या तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती. मास्तर न्हाणीघरातून ओरडले, "नऊ म्हणजे नऊ! आधी येणं हा वक्तशीरपणा नव्हे!"

एरवी दारात पोचल्यावर पाच मिनिटं नुसती धाप. मास्तरांची समजूत, बाई अबोल आहेत. आज बाईंकडे दम शिल्लक होता. दाराबाहेर पायरीवर बसून त्यांनी मास्तरांची साखर, पथ्य आणि मुलाला न पाठवलेली पत्रं या विषयांवर वीस मिनिटं सुनावलं. मास्तर आतून बाहेर यायलाच तयार होईनात.

खाली दुकानात भावाच्या हातून सकाळपासून एक ब्रेक धड लागला नव्हता.

"किती वाजता पोचलीस?"

"मास्तर आंघोळीत होते."

"अगं, म्हणजे लवकर की उशिरा?"

"वीस मिनिटं लवकर."

"मोठ्या बाईंना कळवलंस?"

"मास्तरांनीच कळवलं. नवी तक्रार केलीय, नर्स फार लवकर येते आणि फार बोलते."

भावाने पाना हवेत उडवला आणि झेलायचा विसरला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. मग ते पुसताना त्याचा आवाज उतरला.

"दहा वर्षं मागे लागलोय तुझ्या, ताई. एवढे गुडघे झिजवलेस. कुणाला काय दाखवायचं होतं गं?"

"मलाच, की माझं वय झालं नाही," म्हणत नर्सबाईंनी ग्लासातलं पाणी संपवलं, बॅग हँडलला अडकवली आणि सायकल हाताने धरून दाराबाहेर निघून गेल्या.