वहिनींचा पाळीवरचा डबा

वहिनींना कशाचीही किळस येत नसे आणि मला सगळ्याचीच येते. वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात, आमची क्वार्टर्स शेजारीशेजारी होती, त्यामुळे हा विषम सामना बरीच वर्षं चालला. तुंबलेल्या मोरीत कोपरापर्यंत हात घालून त्या केसांचा लगदा बाहेर काढत, नळाखाली हात धरत आणि त्याच हाताने माझ्यापुढे चहाचा कप ठेवत. मी कपाकडे बघत बसलो की म्हणत, "भाऊजी, हात हाये, धुतला का झालं. तुमी तं असे पाहून राह्यले जसा मी कपच मोरीत बुडवून आणला." तो चहा घशाखाली उतरवताना माझ्या डोळ्यांत पाणी येई.

वहिनींच्या यजमानांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. वीजकेंद्रात ते मला सीनियर. पन्नाशी उलटल्यावर त्यांना जिओकॅशिंगचं खूळ लागलं. म्हणजे कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवून ठेवायचा, त्या जागेचा ठावठिकाणा संकेतस्थळावरच्या नकाशात टाकायचा आणि इतरांनी फोनवरचा बाण बघत तो हुडकायचा. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. पोरंबाळं मोठी झालेली माणसं आणि खेळतात काय, तर लपवाछपवी! या खेळात फोन दादांचा आणि हात वहिनींचा, अशी वाटणी होती. दादा बाणाकडे बघत "इथीच कुठीतरी हाये" म्हणून उभे राहत. वहिनी आधी काठी आपटून घेत आणि मग पुलाखालच्या पाइपात, झाडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या भगदाडात बेलाशक हात घालत. एकदा डब्याऐवजी मेलेली घूस हाताला लागली. तीही त्यांनी शेपटीला धरून बाजूला ठेवली आणि पुन्हा हात घातला. हे सगळं मला बघावं लागे, कारण दादांना गाडी चालवता येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं.

पुढे त्यांनी स्वतःचा डबा लपवला. नागभीडजवळच्या एका तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखालच्या दगडांत. डबा लपवणं सोपं, तो सांभाळणं महाकठीण. ज्याने ठेवला त्यानेच अधूनमधून जाऊन तो पुसायचा, भिजलेली वही बदलायची, नवी पेन्सिल ठेवायची. मुलांसाठी आत चार किल्लीच्या साखळ्या आणि रंगीत गोट्या ठेवलेल्या असत. त्या जाऊन त्यांच्या जागी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या, विड्यांची थोटकं आणि चघळून टाकलेला चोथा जमा होई. एकदा तर कुणी त्यात सरळ थुंकून झाकण लावून ठेवलं होतं. आपल्या लोकांना रिकामं भांडं दिसलं की दुसरं काही सुचतच नाही. मी गाडीत बसून ओकाऱ्या आवरत असे आणि वहिनी तलावाच्या काठाशी डबा घासत. म्हणत, "लेकराचं गू काढत होती तवा कोनी नाई इचारलं, शी वाटते का म्हणून."

दगडांच्या त्या गर्दीत आपला दगड कोणता हे दादांनाच उमगेना. झाडाखाली फोनचा बाणही भरकटे. म्हणून दादांनी त्या दगडावर खुणेचा पट्टा ओढला. कशाने, तर फाटकाला लावून उरलेल्या शेंदरी रंगाने! इंजिनियर माणूस, जन्म याच मुलखातल्या कुरखेड्याचा, आणि मोहाखालच्या दगडाला शेंदरी रंग फासतो! पुढच्या खेपेला दगडापुढे नारळ फुटलेला होता. त्याच्या पुढच्या खेपेला लिंबं आणि हळद. नंतर मासेमारांच्या वस्तीतली शेवंता पहिल्या जाळ्यातली मासोळी तिथे ठेवू लागली. दगडामागे पोकळी, पोकळीत डबा, डब्यावर दगडावरून घरंगळून सडलेली मासोळी आणि तिच्यात वळवळणारे किडे. तो वास माझ्या गाडीतून आठवडाभर जात नसे. मी दादांना म्हटलं, "गावात जाऊन खरं सांगून टाका." दादा ओशाळून हसले. वहिनी म्हणाल्या, "देव हाये म्हणून तं आता कोनी थुकत नाई नं त्याच्यात."

मग दादांच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं आणि फिरणं संपलं. त्यातच नागपूरच्या कुण्या हौशी माणसाने तक्रार टाकली की डब्याला घाण वास मारतो, मालकाचं लक्ष नाही. लक्ष दिलं नाही तर डबा नकाशावरून काढणार, असा संकेतस्थळाचा निरोप आला. दादा पलंगावरून एवढंच म्हणाले, "मी हावो तोवर तेवढा ठिपका राहू दे." त्यानंतर दर खेपेला वहिनी माझ्यासोबत जात, डबा स्वच्छ करत, फोटो काढत आणि घरी येऊन तो दादांना दाखवत. दादा तो फोटो बोटांनी मोठा करून करून बघत.

अशाच एका खेपेला शेवंता जवळ आली. "बाई, तुमी येऊन येऊन देवाचं साफ करता. कोनासाठी?"

वहिनींचा हात थांबला. "ह्यायच्यासाठी. तब्येत बरी नाई ह्यायची."

शेवंताने तिथेच दगडापुढे हात जोडले. परतताना मी वैतागलो, "खरं का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाल्या, "ती ह्यायच्यासाठी हात जोडून राह्यली होती, भाऊजी. मी काऊन म्हणू, जोडू नको?"

पावसाळ्याआधी दादा गेले. भेटायला माणसांची रीघ लागली. "सुटले बिचारे." "देवाच्या मनात होतं." एकाने तर बिस्किट चहात बुडवत क्वार्टर कधी रिकामं करणार ते विचारलं. मला त्या सगळ्या तोंडांची इतकी शिसारी आली की मी उठून अंगणात गेलो. वहिनी मात्र आतबाहेर करत सगळ्यांना चहा देत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. डबा सांभाळायला कुणी उरणार नव्हतं, म्हणून तो उचलून आणायला आम्ही गेलो. सांभाळता का, असं त्यांनी मला विचारलं नाही. मला त्या ओळखून होत्या. शेवंता पाळीवर जाळं पसरत होती. आम्हाला बघून तिने विचारलं, "मालक कसे हायेत, बाई?"

"गेले वं."

शेवंताने हातातलं जाळं खाली टाकलं. मग वळली आणि तोंडातल्या खर्ऱ्यासकट त्या शेंदरी दगडावर पचकन थुंकली.

"थूऽ तुह्या देवपणावर! एवढी सेवा केली ह्या बाईनं, आपल्या हातानं घान काढली तुही. अन् तुले एक मानूस राखता नाई आला? माह्या मासोळ्या बऱ्या गोड लागल्या तुले!"

दोन्ही हातांनी रेटून तिने तो दगड पाळीवरून ढकलला. तो गडगडत जाऊन पाण्यात पडला. मागे पोकळीत डबा उघडा पडला. शेवंताने तो उचलला, पदराने पुसला आणि वहिनींच्या हातात दिला. "घेऊन जा, बाई, तुमचा डबा. असल्या देवापाशी काऊन ठेवता काई?"

वहिनी डबा छातीशी धरून पाळीवरच बसल्या आणि हंबरडा फोडून रडल्या. शेवंता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत देवाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. त्यातलं एक वाक्यही इथे लिहिता येण्यासारखं नाही.

गाडी नागभीड ओलांडून पुढे आली तेव्हा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "इतके लोकं येऊन गेले, भाऊजी. बरं झालं, कोनीतरी शिव्या तं देल्ल्या."