५७७७ पाशी मिटलेली वही

मालेगावहून वाशिमकडं निघालात की तुरीचा एक पट्टा लागतो. तिथं बांधावर बसून तुरीकडं न पाहता भलतीकडंच पाहणारा माणूस दिसला, तर तो जगदेव समजा. हाक मारू नका, ओ मिळणार नाही. वय एकसष्ट, अंगात बंडी, खिशात पेन्सिलीचा तुकडा. कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं, गणित काही सुटलं नाही. गावातले लोक "जगदेवभाऊ आकड्यात हायेत" म्हणून हसतात. हसोत बापडे, त्याचं कुठं काय बिघडतं!

हे सगळं सुरू झालं कांद्याच्या रोपांवरून. एकदा लावता लावता पस्तीस रोपं उरली. जगदेवनं तीन-तीनच्या रांगांचे दोन सारखे चौरस वाफे केले. अठरा रोपं गेली, सतरा राहिली. आता सतरा रोपं कशीही लावा, सारख्या रांगांत बसतच नाहीत. एक लांब ओळच होते. असल्या अडेल आकड्यांवर त्याचा भारी जीव. घरी येऊन त्यानं वहीत दुसरे आकडे घेतले, म्हणजे विषम, पण स्वतः सारख्या रांगांत बसणारे. नऊ घेतला, पंधरा, एकवीस. दर वेळी दोन सारखे चौरस वाफे लहानमोठे करून पाहिले की कधी ना कधी उरलेला आकडा अडेल निघायचाच. हाच त्याचा नियम, आणि वीस वर्षं तो जमत गेला. नऊ वह्या झाल्या.

अकरा वर्षांपूर्वी ५७७७ आला आणि अडला. जगदेवनं एकाचा वाफा केला, दोनाचा केला, असं करत करत त्रेपन्नाचा केला. त्यापुढं रोपंच पुरत नव्हती. त्रेपन्नच्या त्रेपन्न वेळा उरलेला आकडा कोणत्या ना कोणत्या रांगांत मुकाट जाऊन बसला. म्हणजे एकतर नियम खोटा, नाहीतर आपली वजाबाकी चुकलेली. नियम इतका देखणा, तो कसला खोटा निघतोय! आपणच चुकलो, असं त्यानं ठरवून टाकलं. आकड्यासमोर "तपासणे" असं लिहिलं आणि वही मिटली. पेन्सिल खिशात राहिली, पण कागदाला पुन्हा लागली नाही.

यंदा दिवाळीला त्याची लेक रूपाली नागपूरहून आली आणि आपला जुना लॅपटॉप ठेवून गेली. पडद्यावर चौकोन होते. चौकोनात लिहायचं, चालवायचं, खाली उत्तर येतं. "याले नोटबुक म्हणतात बाबा, तुमी वहीच समजा," ती म्हणाली. बाबांचा नियम तपासायच्या दहा ओळीही तिनंच लिहून दिल्या. "दहा लाखापर्यंतचे आकडे हे दोन मिन्टांत पाह्यते." ते ऐकून जगदेवनं खिशातली पेन्सिल चाचपली. फक्त अडेल आकडे ओळखणारं गणिताचं सॉफ्टवेअर तेवढं बसवायचं राहिलं होतं. घरात रेंज नाही, त्यामुळं ते काम फोनवर सांगून बापाकडून करून घ्यायचं ठरलं.

चार दुपारी त्यातच गेल्या. जगदेव लॅपटॉप घेऊन रेंज मिळते तिथं, ओट्यावर बसायचा. काळ्या खिडकीत रूपालीनं सांगितलेली ओळ लिहायचा, मशीन म्हणायची, बसलं. नोटबुकात यायचा, तर तिथं लाल अक्षरांत, असं काही इथं नाही. काढलं, पुन्हा बसवलं. मशीन बंद करून चालू केली. त्याची बायको प्रयागबाई, तिनं तर उदबत्तीही ओवाळून पाहिली. लाल ते लालच.

खरं सांगायचं तर प्रत्येक लाल ओळीला जगदेवला आतून बरंच वाटायचं. बसलं नाही म्हणजे आज काही कळणार नाही. मग तो भिंतीला टेकायचा, डोळे अर्धे मिटायचे, आणि बांधावरून आकडे चालत यायचे. एकेक जण आपले दोन वाफे लावायचा, उरलेली रोपं एका ओळीत खोचायचा आणि तुरीत दिसेनासा व्हायचा. सगळ्यात मागून ५७७७ यायचा. ओंजळीत रोपं धरून तसाच उभा राहायचा. "मी कुठं लागू?" असं विचारायचा. जगदेवला त्याची फार कीव यायची.

चौथ्या दुपारी आतून प्रयागबाईचा आवाज चढला.

"कालचं जिरं कुठं ठेवलं वो तुमी?"

डबे वाजले. मग मधलं दार उघडून ती धाकट्या जावेकडं, वच्छलाकडं गेली. भावाभावांचं वेगळं होऊन दोन वर्षं झाली होती. छप्पर एकच, चुली दोन. जुनी चूल धाकट्याच्या वाट्याला गेलेली. परत आली ती पुडी नाचवतच.

"वच्छलाच्या चुलीपाशी! आणलं खरं, पण ठेवलं तिकडं, अन् मी इकडं डबे उलथून राह्यली. दोन सालं झाले, तुमचे पाय अजून जुन्याच चुलीकडं जातात!"

जगदेव ताडकन उठून बसला आणि त्यानं फोन लावला.

"रूपा, या लॅपटॉपात चुली किती हायेत?"

"काय बाबा?"

"म्या वस्तू आणली. ते म्हणते आली. नोटबुक म्हणते नाई. दोन चुली हायेत का याच्यात?"

रूपाली खळखळून हसली. तिच्या कॉलेजातलं जुनं पायथन, म्हणजे या ओळी चालवणारं सॉफ्टवेअर, तसंच होतं, दिवाळीत तिनं बाबांसाठी नवं टाकलं होतं. गणिताचं सॉफ्टवेअर जाऊन बसलं जुन्यात, नोटबुक शोधत होती नव्यात. "वरतं उजव्या कोपऱ्यात नाव दिसते ना, त्याच्यावर टिचकी मारा. दुसरं नाव घ्या." जगदेवनं घेतलं. लाल अक्षरं गेली ती गेलीच.

आता फक्त चालवायचं होतं. बोट कळीवर आणि कळ काही दबेना.

"काहून थांबले?" प्रयागबाईनं विचारलं.

"भेव वाटते. नियम मोडला तं?"

"अन् नाई मोडला तं तुमी चुकले. दोन्हीकडून रडाचंच हाये, तं दाबा एकदाचं!"

त्यानं दाबलं. चौकोनाच्या कडेला एक चांदणी उमटली आणि थांबून राहिली. तुरीवरून वारा आला, गेला. चांदणी मिटली. खाली नियमात न बसणारे दोन आकडे होते, ५७७७ आणि ५९९३. दहा लाखांत दोनच. जगदेवनं ते फोनवर वाचून दाखवले.

"बाबा," फोनवर रूपालीचा आवाज हळू झाला, "वाईट वाटलं?"

जगदेव उठला. नववी वही काढून आणली, धूळ बंडीला पुसली. त्रेपन्न वजाबाक्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.

"एकबी चुकली नव्हती, पोरी. अकरा वर्सं मी मलेच खोटा समजून राह्यलो."

त्यानं "तपासणे" खोडलं, "बरोबर" लिहिलं. मग पान न उलटता खाली पुढचा आकडा मांडला, ५७८१.

"मशीननं केला की तो!" प्रयागबाई वहीत डोकावून म्हणाली.

"तिनं केला असन. म्या कुठं केला?"

एकेका रोपाचे दोन वाफे काढले. उरले ५७७९. तीननं भागून पाहिलं, सातनं, अकरानं, तेरानं, करत करत त्र्याहत्तरपर्यंत गेला. उन्हं ओट्यावरून उतरली तरी तो आकडा कोणत्याच रांगांत बसायला तयार नाही. अडेल होता. पहिल्याच वाफ्याला जमलं होतं. अकरा वर्षं ५७८१ पुढच्याच ओळीत उभा होता.