देवाची वाट

पालखी खांद्यावर घेतलेल्या चौघांच्या पायांकडे मी बघतच राहिले. घोट्यापर्यंत चिखल! आमच्या या माणदेशी नदीत, ऐन चैत्रात! कालपर्यंत तिथं कमरेएवढं पाणी होतं. डोंगरावर चर खणून, ओढे अडवून, नदीवर मातीचा बांध घालून कैक वर्षांनी साठलेलं. या कामावर देखरेख करणारी मी, ते कितपत टिकलं हे बघायला आज आले, तर गावानं बांधच फोडलेला.

"अहो सरपंच, हे काय करून बसलात?"

"ताई, पालखीची वाट हाय ती. देव काय पाण्यातनं न्यायचा?"

"मग तो पूल कशासाठी आहे?"

"पुलावरनं देव जात न्हाई. वाडवडलांपास्नं पात्रातनंच जातोय."

कपाळ माझं! ही वाट देवाला दाखवली कुणी? नदी आटली तेव्हा आपणच ना? कोरड्या नदीची इतकी सवय झाली की तिचीच रूढी झाली, आणि पाणी आलं तर त्याचीच अडचण. पाणी मोजायची पट्टी मी पिशवीतून काढलीसुद्धा नाही. मोजायचं काय, चिखल?

पालखी पात्राच्या मधोमध थांबली. सगळ्यांनी हात जोडले. पुजाऱ्यानं दरवर्षीचं गाऱ्हाणं घातलं, "देवा, औंदा तरी आमच्या नदीला पाणी येऊ दे!"

आणि चिखलात रुतलेलं अख्खं गाव एका सुरात ओरडलं, "चांगभलं!"