बांध कुणाचा?

"बांध कुनाचा?" लढाई कोणतीही असो, हवालदार आधी हेच विचारायचे. मग डोक्यावरचं मुंडासं जरा मागे सारून दुसरा प्रश्न, "आन् चढून कोन आला?" एवढी दोन उत्तरं मिळाली की त्यांचा निकाल तयार.

महाडच्या ज्या शाळेत मी इतिहास शिकवायचो, तिथे ते शिपाई होते. 'हवालदार' हे आम्हीच त्यांना चिकटवलेलं. इंग्रजांच्या पलटणीतही ते साधे शिपाईच होते. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याकडे गेले आणि पायात गोळी घेऊन, लंगडत, पेन्शनीवर परत आले. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर त्यांची वाडी होती.

त्या वाड्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर सांगतो. कोणी दुसऱ्याचा बांध कोरला, कोणाच्या रानात गुरं घातली, तर ती माणसं कचेरीची पायरी चढत नाहीत. देवळापुढे गावकी बसते. ज्याची चूक असेल त्याने डोक्यावरचं काढून जमिनीवर ठेवायचं, घडलं ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि दंड मागून घ्यायचा. दंड भरला की विषय मिटला; पुन्हा तो कोणी उकरून काढायचा नाही. हवालदार सगळ्या जगाचा इतिहास याच मापाने मोजायचे.

आणि मी? मी फळ्यावर दोन रकाने आखायचो. एकात न्यायाची युद्धं, दुसऱ्यात अन्यायाची. आपल्या सगळ्या लढाया पहिल्यात, दुसऱ्यांच्या सगळ्या दुसऱ्यात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! हवालदार माठ भरता भरता वर्गाच्या दारात थबकायचे. महाराजांनी आमच्याच घाटात शत्रू कसा अडवला हे मी सांगितलं की खुशीत मान हलवायचे. "बांध आपला. चढून त्यो आला. बराबर हाय, मास्तर."

पण एकदा, पुढच्या काळात आपल्या फौजा चौथाई वसूल करायला लांबच्या मुलखात गेल्या, त्या स्वाऱ्याही मी बेधडक पहिल्या रकान्यात लिहिल्या.

"मास्तर, तितल्या कुनब्याचं काय केलं ओ त्यांनी?"

"हवालदार, घंटेची वेळ झाली."

"झाली, झाली," म्हणत ते गेले. घंटा दिली आणि पुन्हा दारात हजर. "पर तितं कुनबी आसंलच की, मास्तर."

मुलं फिदीफिदी हसली. मला असा राग आला! उत्तर येत नसलं की मास्तराला राग येतो, दुसरं काय.

त्या वर्षी मला नोकरीत कायम करायचं की नारळ द्यायचा, हे ठरायचं होतं. घरात खाणारी सहा तोंडं होती. तेवढ्यात प्रांतसाहेब शाळा बघायला येणार असं कळलं. हेडमास्तर म्हणाले, "सभा ठेवा, विषय ठेवा 'न्यायाचं युद्ध कोणतं?' आणि साहेबांना गोड वाटेल असं काहीतरी होऊ द्या." माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली की, हवालदारांच्या छातीवर त्यांचा लढाईतला बिल्ला लावायचा आणि त्यांच्याकडूनच वदवायचं. तीन वाक्यं पाठ करून घेतली. महायुद्ध न्यायाचं होतं, मी त्यात लढलो, मला त्याचा अभिमान आहे. बस्स.

"गाव आसंल सारा?" त्यांनी विचारलं.

"असेल की."

"आन् इच्यार न्यायाचाच व्हनार?"

"अहो हो, न्यायाचाच!"

"मंग येतो."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला सभा हवी होती, त्यांना वाटलं गावकी बसतेय.

सभेला गावातली झाडून सगळी बडी मंडळी आली होती. मी नाव पुकारलं. हवालदार लंगडत पुढे आले, त्यांनी मुंडासं काढलं आणि फरशीवर ठेवलं.

"मुलूख त्यांचा व्हता," ते म्हणाले. "बांध त्यांचा. चढून आमी गेलो. खळ्यावर गव्हाची रास व्हती. पेटवा म्हनले. काडी मी वढली. येक म्हातारी व्हती. ती रडली नाय, वराडली नाय. हातानं माती टाकत व्हती आगीवर. मी बंदूक घेऊन बगत उबा." मग हात जोडले. "माजं चुकलं. गाव देल त्यो दंड मला कबूल हाय."

प्रांतसाहेबांनी सावकाश माझ्याकडे मान वळवली. "मास्तर, हे तुम्ही शिकवलंत?"

"छे, छे, साहेब!" मी म्हणालो. "म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. वेडा आहे तो." आणि वर मी हसलो. मोठ्याने हसलो. मग साहेब हसले, मंडळी हसली, मुलंही हसली. त्या सबंध सभेत खरं बोललेला एकच माणूस होता आणि त्याला आम्ही हसत होतो. हवालदार दंडाची वाट बघत तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग वाकून त्यांनी मुंडासं उचललं, काखेत धरलं आणि बाहेर गेले.

वेडा माणूस शाळेत कशाला, म्हणून त्यांचं नाव पटावरून कमी झालं. मी कायम झालो.

दोन वर्षं मी स्वतःला बजावत होतो, वर जायचं, त्यांच्यापुढे उभं राहायचं, 'माझं चुकलं' म्हणायचं. आज पाऊस, उद्या परीक्षा. शेवटी एका उन्हाळ्यात धापा टाकत वाडीवर पोचलो, तर हवालदार शिमग्यातच गेलेले. त्यांची बायको दारात नाचणी पाखडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर सूप टाकून उठलीच.

"तुमी व्हय मास्तर? अवो, तुमचं नाव सारकं त्येंच्या तोंडात! म्हनायचं, मास्तर देवमानूस. सायेबाम्होरं मला येडा म्हनले म्हनून वाचलो. न्हायतर पिन्शीन बी गेली आसती, आन् जेलात बी घातला आसता."

त्यांची पेन्शन! त्या घटकेला तिची आठवणसुद्धा मला झाली नव्हती. मी फक्त मला वाचवलं होतं. हे सांगायला तोंड उघडलं, खरंच उघडलं. तेवढ्यात म्हातारी पदर सावरून वाकली आणि तिने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मी ठेवू दिलं.