घाटात फेकलेलं हँडल

बायकोच्या तेरवीच्या पंगतीत लोक हसले. पोट धरून हसले. माझ्या भाच्यानं मधात उभं राहून, कमरेला पदर खोचल्याचं सोंग करून दाखवलं की मामीनं घाटात मोटारीचं हँडल कसं फेकलं होतं. वाढणारे थांबले. बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या. मी माझा वरणाचा द्रोण भिंतीवर मारला आणि उठलो. "बुढ्याचं डोस्कं फिरलं," मागून कोणीतरी म्हणालं. फिरलं तर फिरलं.

ही गोष्ट आमच्या घरात इतकी वर्षं अशीच सांगतात, आणि ती अर्धी आहे. अर्धी राहिली कारण मीच ती अर्धी सांगितली होती. आता पूर्ण लिहितो. मी चौथी नापास माणूस. शुद्धलेखन पाहणाऱ्यानं दुसरं काही वाचावं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रदेशात होता. मी दवनीवाड्याकडचा, बापाची बैलबंडी हाकत वाढलो. बैल सोडून मोटारीला लागलो तो गोंदियाच्या एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदारामुळे. त्यानं लढाईतली जुनी, जखमी शिपाई नेण्याची मोटार लिलावात घेतली होती. तिला मागं दार, आत दोन्ही अंगाला टांगत्या फळ्या. माणसं निजवायच्या. मी एका फळीवर झोपायचो, बायको दुसरीवर. मधात शेगडी, पाण्याची घागर, तांदळाचा पिपा. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आमचा संसार त्या मोटारीतच. जंगलात ठेकेदाराची माणसं आणि सामान या डेऱ्यावरून त्या डेऱ्यावर न्यायचं, जिथं दिवस मावळेल तिथं मागचं दार उघडून भात टाकायचा.

मोटारीवरची लाल फुली रंगाखालूनही दिसायची. खेड्यात शिरलो की आया पोरं लपवायच्या. सुई टोचणारे आले म्हणून. बायको खिडकीतून ओरडायची, "अवो, आमी सुईवाले नोहो! आमच्याजोळ भात हाये, खाता का?" मग पोरं यायची. तिला स्वतःचं पोर तोवर नव्हतं. ज्याच्या-त्याच्या पोराला ती आमचा भात वाढून द्यायची आणि मी रात्री कमी जेवायचो. मी बडबड करायचो. ती म्हणायची, "तुमचं पोट मोटारीवानी झालं, बसल्या जागी पेट्रोल मांगते."

मोटारीची बॅटरी आम्ही घेतली तेव्हापासून बसलेली होती. ठेकेदार नवी घेऊन देत नव्हता. त्यामुळे इंजिन चालू करायचं ते समोरून हँडल घालून, दोन्ही हातांनी फिरवून. चांगलं हातभर लांब, वाकडं, पाच-सहा शेर वजनाचं लोखंड. ते आत, तिच्या फळीखाली पडून असायचं.

फागुन महिना होता. सालेकशाच्या अलीकडे डेरा होता. सकाळी तिच्या माहेराहून एक माणूस पायी आला. तिचं माहेर दरेकशाच्या घाटापलीकडे, जंगलात. तिला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. आई ती दुधावर असतानाच मेली. बापानंच वाढवलं, वेणीसुद्धा बापानं घातली. तो माणूस पाणीही न पिता म्हणाला, "बाई, बुवा जाऊन राहिला. दोन दिस झाले, तोंडात काई घेत नाई. पोरीच्या हातचं पानी पाहिजे म्हन्ते. लवकर निंघ."

ती उभी होती, खाली बसली. मग उठून भाताचा गंज मोटारीत ठेवला. माझ्याकडे पाहिलं सुद्धा नाही, सरळ तिच्या फळीवर जाऊन बसली.

मी मुनीमाकडे गेलो. तो म्हणाला, "गाडी ससुराल जाने के लिए नहीं है." मी म्हणालो, "मुनीमजी, बाप मरून राहिला तिचा." तो म्हणाला, "सबके बाप मरते हैं." मी त्याच्या तोंडावर काही बोललो नाही याचा मला आजही राग आहे. मोटार मात्र नेली. नोकरी जाईल तर जाईल.

घाटाच्या पायथ्याशी आलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता, पण आभाळ वायव्येकडून काळंनिळं होऊन आलं होतं. तो रस्ता म्हणजे रस्ता नव्हता. लाल मुरूम, बैलबंड्यांच्या चाकोऱ्या, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खोल नाला. आमची पद्धत अशी की चढावर बंडी चढून राहिली असली की एक माणूस मागून लाकडाचा ओंडका घेऊन चालतो. बैल थांबले की ओंडका चाकामागं. बंडी मागं येत नाही. मोटारीच्या ब्रेकवर माझा भरवसा नव्हता, म्हणून बायको ओंडका घेऊन मोटारीच्या मागून चालून राहिली होती. बाप मरणाला टेकलेला आणि ही बाई मोटारीच्या मागं पायी! हे मला तेव्हा काही वावगं वाटलं नाही. आज वाटते.

अर्धा घाट चढलो आणि गार सुरू झाली. आधी बोराएवढी. मग आवळ्याएवढी. पत्र्यावर असा आवाज की मला माझंच ओरडणं ऐकू येईना. समोरची काच एका जागी तडकली. बायकोनं मागच्या दारातून भाताचा गंज ओढला, रिकामा करून डोक्यावर पालथा घातला आणि तरी ओंडका सोडला नाही. टणाटण आवाज येऊन राहिला होता. मी हसलो. खरं सांगतो, मी हसलो तेव्हा.

पाहता पाहता रस्ता पांढरा झाला. बर्फ म्हणून मी गोंदियाच्या स्टेशनवर भुशात ठेवलेली लादी तेवढी पाहिली होती. इथं सगळा डोंगर, झाडाखालचा पाला, चाकोऱ्या, सगळं पांढरं. चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मोटार पुढं जाईना, तिरपी होऊन नाल्याकडे सरकायला लागली. बायकोनं ओंडका टाकला, त्याच्यावर दगड टाकला, पुन्हा एक दगड. मोटार थांबली. इंजिन चालू होतं. हे लक्षात ठेवा, इंजिन चालू होतं.

ती मागच्या दारानं आत चढली. कपाळातून रक्त येऊन राहिलं होतं. आता आमच्याकडे गार पडली की घरची बाई लोखंड अंगणात फेकते. तवा, विळा, कुऱ्हाड, जे हाताला लागेल ते. लोखंडाच्या धाकानं गार थांबते असं म्हणतात. थांबते का? कधी थांबते, कधी नाही. पण मोहाची फुलं, लाखोळीचं पीक डोळ्यांसमोर झोडपलं जात असताना बाईनं हात बांधून बसावं काय? तिनं तवा फेकला. गार थांबली नाही. विळा फेकला. थांबली नाही.

"तव्यानं आयकत नाई थे," ती म्हणाली. "मोठं लोखंड पाहिजे."

मी मागं वळून पाहतो तर हँडल तिच्या हातात.

"अवो, हँडल हाये थे! ठेव!"

"माहा बाप थांबला हाये तिकडं," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी फेकलं. मोटारीच्या मागं दहा-बारा पावलांवर पडलं. काळं, पांढऱ्यावर. मला दिसत होतं. मी तिला नाही नाही ते बोललो. ते इथं लिहीत नाही. ती म्हणाली, "चालू हाये ना मोटार? मंग? गार थांबली की आनतो मी उचलून."

तिचं खरं होतं. चालू मोटारीला हँडल कशाला लागते?

मग इंजिनातून वाफ यायला लागली. बराच वेळ जोर लावला होता. आणि माझ्यातला बंडीवाला जागा झाला. चढावर बैल धापा टाकायला लागले की त्यांना दम खाऊ देतात, जू सैल करतात. हजारदा केलं होतं मी ते. मी हात पुढं केला आणि इंजिन बंद केलं. त्याला दम खाऊ दिला. लोखंडाला! जो माणूस गार थांबवायला लोखंड फेकणाऱ्या बाईला अडाणी म्हणाला, त्या माणसानं लोखंडाला बैल समजून विसावा दिला. तिनं इंजिन बंद झालेलं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. 

आणखी जोरात गार आली, मग पाणी. आम्ही आत बसून राहिलो. थांबलं तेव्हा मी हँडल आणायला उतरलो. हँडल नव्हतं. घोट्याएवढी गार साचलेली, त्याच्यावरून लाल पाणी वाहून राहिलेलं. मी हातानं उकरलं, तिनं उकरलं. बोटं आधी दुखली, मग कळेनाशी झाली. तवा सापडला, विळा सापडला. हँडल नाही.

मोटार उतारावर मागं सोडली तर इंजिन चालू होते, हे मला कोणी शिकवायला नको. पण मागं वळण, वळणाखाली नाला आणि रस्त्यावर गार. बायको म्हणाली, "मी पायी जातो."

"पाच कोस हाये! जंगल हाये! बस चूप!" मी ओरडलो.

ती बसली चूप. तेव्हाच निघाली असती तर पोचली असती. ही दुसरी गोष्ट, भाचा जी सांगत नाही.

गार वितळायला दोन-अडीच तास गेले. हँडल मग दिसलं. पाण्यासंग घरंगळत खाली तीसेक पावलांवर, रस्त्याच्या कडेच्या नालीत. तिनंच पाहिलं. पळत गेली, छातीशी धरून आणलं. मी फिरवलं, तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं. घाट चढलो, उतरलो. वाटेत ती गुडघ्यावर पितळेचा तांब्या धरून होती, पाण्यानं भरलेला. सांडू देत नव्हती.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन राहिली होती. अंगणातली माणसं उठून उभी झाली, त्यावरूनच कळलं. एक म्हातारी म्हणाली, "आत्ताच वं पोरी. ढोरं घरी आली तवा. दाराकडंच डोळे होते."

ती आत गेली. बापाचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात पाणी घातलं. पाणी गालावरून खाली आलं. तिनं पुन्हा घातलं. पुन्हा खाली आलं. कोणीतरी तिचा हात धरला तेव्हा थांबली.

बाहेर माणसं मला विचारून राहिली होती, "काऊन जी जवाई, मोटार असून येवढा उशीर?" सगळे माझ्याकडे पाहून राहिलेले. मोटारवाला जावई. मी म्हणालो, "तुमच्या पोरीलेच विचारा. हँडल फेकलं तिनं घाटात. गार थांबवाले."

एवढंच बोललो. ती दारात आली होती, तांब्या हातात. तिनं ऐकलं. मला वाटलं, आता म्हणेल, इंजिन कोणी बंद केलं? म्हणाली नाही. नवऱ्याला दहा माणसांत खोटं पाडायचं नाही, असं तिच्या बापानं शिकवलं असेल. चुलीत घाला ती शिकवण.

त्या दिवसापासून ते तिच्या नावावर लागलं. आधी माहेरी, मग सासरी, मग लग्नाकार्यात. सुरुवातीला लोक हळहळायचे, "बापाचं मरन चुकवलं वं बिचारीनं." बापाचं मरण जुनं झालं तशी हळहळ गेली आणि हसणं राहिलं. तीही हसायची. पोरं विचारायची, "आई, सांग ना हँडलची." ती सांगायची. माझ्यासमोर सांगायची, आणि इंजिन बंद केल्याचं दरवेळी गाळायची.

नोकरी गेलीच. पुढं त्या मोटारीचं भंगार झालं तेव्हा ते हँडल मी घरी आणलं आणि ढोरांच्या कोठ्यात खुंटा म्हणून ठोकलं. का आणलं ते मलाही सांगता येत नाही. ती रोज त्याला बकरी बांधायची, रोज सोडायची. एकदा, आमची पोरगी तोवर सासरी गेली होती, ती दोर बांधता बांधता म्हणाली, "मोटार चालू होती तवा फेकलं जी मी." माझ्याकडे पाठ होती. मी ऐकलं. मी म्हणालो, "बकरीले चारा टाकला का?"

असा माणूस मी.

गार पुढंही पडली. तिनं पुन्हा कधी लोखंड फेकलं नाही. सुना फेकायच्या, ती दारात उभी राहून पाहायची.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी भाच्याला बोलावलं, कोठ्यात खुंट्यासमोर उभं केलं आणि सगळं सांगितलं. तो मोबाइल पाहत ऐकून राहिला होता. म्हणाला, "जाऊ द्या ना मामा, जुनी गोष्ट हाये."

"हसाले जुनी नाई होत अन् खरी कराले जुनी होते काय बे?" मी म्हणालो.

"आता मामी तर नाई. कोनाले सांगता?"

हाच तर राग आहे. तिला सांगायचं होतं. एक वाक्य होतं. ती पाठ करून उभी होती तेव्हा, चाऱ्याच्या जागी बोललो असतो तर जमलं असतं. आता कोणालाही सांगा.

मी भाच्याला म्हणालो, पुढच्या वर्षी श्राद्धाला तूच उभा राहशील. पदर खोचून, तसाच. गंज डोक्यावर घेशील, तवा फेकशील, विळा फेकशील, हँडल फेकशील. आणि मग खाली बसशील, माझ्यासारखा, आणि हात पुढं करून इंजिन बंद करशील. तिथं हसायचं असेल तर हसा.

त्यानं मोबाइल खिशात टाकला. बकरी दोराला ओढ देऊन राहिली होती. मीच सोडली.