शनिवारची सभा

सभा म्हटलं की माझ्या अंगात येतं. उभी नोकरी साखर कारखान्याच्या ऑफिसात गेली. नोटीस कधी काढायची, कोरम भरला नाही तर सभा किती वेळ तहकूब ठेवायची, ठरावाला सूचक कोण आणि अनुमोदक कोण, मागच्या रांगेतून बोंबलणाऱ्याच्या हातात माईक किती वेळ ठेवायचा, हे मला झोपेतून उठवून विचारा. म्हणून दौंडला आमच्या शेजारच्या मामांनी "आमच्या ट्रस्टची सभा तेवढी नीट लावून दे" म्हटलं, तेव्हा मी छाती फुगवून हो म्हणालो. ती सभा झाली की झालीच नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही.

मामा माझ्या नात्यातले नव्हेत. मी मूळचा राहू गावचा, मराठा, उसाच्या फडात वाढलेला. ते बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. मामी गेल्यापासून एकटेच राहायचे. रेल्वेलाइनच्या अलीकडं त्यांच्या समाजाचं एक छोटं सिनेगॉग आहे, म्हणजे प्रार्थनेची जागा. कौलारू इमारत, पुढं दोन दुकानगाळे, आत मूर्ती नाही की फोटो नाही, नुसतं एक लाकडी कपाट आणि त्यासमोर लटकणारा तेलाचा दिवा. पूर्वी रेल्वेत या समाजाची बरीच माणसं होती. ती मुंबईला गेली, ठाण्याला गेली, इस्रायलला गेली. राहिले मामा. किल्ली त्यांच्याकडं, दिव्याचं तेल त्यांच्याकडं आणि अध्यक्षपदही त्यांच्याकडंच.

त्या पदाला ते लोक जुन्या भाषेत मुकादम म्हणतात. आमच्याकडं मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या टोळीचा म्होरक्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलंही होतं, "मामा, तुमची टोळी कुठाय?"

"तीच तर न्हाई," मामा म्हणाले. "नुसताच मुकादम हाय."

मामांची मुलगी इस्रायलला. ती रोज फोन करायची, बाबा आता या, किती दिवस एकटे राहणार. मामांचं उत्तर ठरलेलं. "ट्रस्ट कुणाच्या तरी हाती देतो आन् येतो." पाच विश्वस्तांपैकी तिघे वारले होते, चौथा परदेशी जाऊन बसला होता. बँकेत दोन सह्या लागायच्या आणि सही करायला उरलेले एकटे मामा. गाळ्यांचं भाडं खात्यात जमा व्हायचं, पण बाहेर निघायचं नाही. कौलं गळत होती आणि लाइटबिल मामा स्वतःच्या पेन्शनमधून भरत होते. आता सर्वसाधारण सभा घेऊन नवे विश्वस्त निवडायचे, सगळ्या हजर सभासदांच्या सह्या घ्यायच्या, पुण्याला धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट टाकायचा, की मामा मोकळे. ठाण्याचा त्यांचा एक पुतण्या, बँकेतला, विश्वस्त व्हायला तयार होता. मुलीनं तिकिटाची चौकशीही करून ठेवली होती. म्हणजे सगळं त्या एका सभेवर येऊन ठेपलं होतं.

मी ट्रस्टची घटना वाचायला घेतली आणि माझं डोकं भणभणलं. मालक कोण? कोणी नाही. शेअर? नाहीत. मग निवडून येऊन माणसाला मिळतं काय? तेल घालायला मिळतं. पॅनेल नाही, चिन्ह नाही, रुसवेफुगवे नाहीत. माझी बायको कवठे येमाईची, तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "इश्श! मग त्यात पडायचं तरी कशाला कुणी?"

त्यात माणसं मोजायची पद्धत दोन प्रकारची. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नऊ असले तर ती होत नाही. सभेच्या कोरमला मात्र बायकाही धरतात. मी एकदा दोन्हींचा घोळ घालून बसलो तेव्हा मामा हसून हसून बेजार झाले. मी वैतागून म्हणालो, "एवढी अडचण असेल तर मीच बसतो की दहावा!"

"तू कोरमला बी चालत न्हाईस आन् प्रार्थनेला बी," मामा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "लेकीकडं गल्लोगल्ली दहा जमत्यात. तिकडं मी गेलो काय न् ऱ्हायलो काय. हितं वर्षातनं एकदा समदी येत्यात, तवा मला धरून दहा व्हत्यात."

मी तेव्हा घटनेतलं कलम शोधत होतो. नुसता हं म्हणालो आणि पान उलटलं.

तर सभेचा दिवस. वर्षातून एकदा, सिनेगॉगच्या वर्धापनाला, बाहेरगावची मंडळी शुक्रवारी दुपारी येतात, तिथंच पथारी टाकतात आणि शनिवारी रात्रीच्या गाडीनं परत जातात. मी म्हटलं, वा, आयता कोरम! शनिवार दुपारची सभा टाकली. झकास नोटीस लिहिली आणि मामांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचली.

"शनवार?"

"मग! सगळे तेव्हाच असतात ना?"

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. चांगलं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. तवाच असत्यात." आणि सही ठोकली.

आता गंमत ऐका. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, हे मामांनीच मला सांगितलेलं. दर शनिवारी मामांचा पंखा मी लावायचो. ते बटणाला हात लावत नसत. मला 'लाव' असंही म्हणत नसत. नुसतं दारात उभं राहून "लईच उकडतंय बाबा आज" म्हणत, की मी जाऊन बटण दाबायचो. पंख्याचं मला पक्कं ठाऊक होतं. पेनाचं नव्हतं.

ते कळलं त्या शनिवारी सकाळी. मंडळी आली होती, हॉल भरल्यासारखा वाटत होता. मी डोक्यावर टोपी घालून शेवटच्या बाकावर बसलो. प्रार्थना अर्ध्यात आली आणि अचानक लिलाव सुरू झाला. मी चाट! ते लाकडी कपाट उघडायचा मान कुणाला, आतली धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढायचा मान कुणाला, यावर बोली. आमच्या जत्रेत देवाच्या नारळाचा लिलाव होतो ना, अगदी तसाच. मामा पुढं उभे राहून बोली वाढवत होते, याला डिवचत होते, त्याला चढवत होते. मामांना एवढं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज तर असा लागला होता, की फलाटावर गाडीला हिरवा बावटा दाखवतायत.

या बोल्यांवर, गाळ्यांच्या भाड्यावर आणि कुणी परदेशातून पाठवलं तर त्यावर ट्रस्ट चालतो, एवढं मला तोवर कळलं होतं. म्हटलं, या बोल्या लिहून घ्यायला पाहिजेत, ऑडिटला लागतील. खिशातून पेन काढलं. शेजारी बसलेल्या पुतण्यानं झटकन माझा हात दाबला.

"आज लिहीत नाहीत."

"मग लक्षात कोण ठेवणार?"

"सगळेच ठेवतात. आठवडाभरात पैसे येतात."

"आणि नाही आले तर?"

"येतात हो."

आमच्याकडं दोन जामीनदार आणि स्टॅम्पपेपर घेऊनसुद्धा माणूस फिरतो, आणि इथं नुसत्या तोंडावर! मी त्याच्याकडं बघतच राहिलो. पेन परत खिशात घालताना मला एकदम दुपार आठवली.

"अहो, मग दुपारी सभेला सह्या?"

"कसल्या सह्या?" पुतण्या म्हणाला, आणि त्याचाही चेहरा उतरला.

दुपारी मनुकांचं सरबत झालं, जेवणं झाली, सभा भरली. मी कोरम मोजला, बायका धरून. भरला. पुतण्याचं नाव सुचवलं गेलं, आणखी दोघांची आली, सगळ्यांनी माना डोलावल्या. कारखान्यात आयुष्यभर इतकी गोड सभा मी पाहिली नव्हती. फक्त हजेरीच्या रजिस्टरवर सही करायला कुणी हात पुढं करेना. पुतण्या म्हणाला, "काका, एक दिवस चालतं हो. अडचण आहे म्हणून."

"मी मुकादम हाय," मामा म्हणाले. "मीच कसं चालतंय म्हणू?"

मला स्वतःचा असा संताप आला म्हणता! एवढा सभेतला पैलवान, आणि वार चुकला. मामांचं तिकीट, मुलीची वाट पाहणं, गळणारी कौलं, सगळं माझ्या एका शनिवारानं पाण्यात घातलं. मी मामांची माफी मागितली. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जाऊ दे रं. चुकतंच माणूस." एवढी खराब बातमी त्यांनी इतक्या हसतमुखानं कशी घेतली, मला उमजेना.

मग माझ्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला. "सभा तहकूब करा!" मी ओरडलो. "शब्बाथ संपला की पुन्हा भरवा." तो कधी संपतो? आकाशात तीन चांदण्या दिसल्या की. मंडळींची गाडी त्यानंतर थोड्याच वेळानं होती. सह्यांना लागतोय किती वेळ! सगळे खूश झाले. मामा तेवढे म्हणाले, "बघू."

संध्याकाळी आम्ही सगळे अंगणात माना वर करून उभे. पिशव्या भरून दारात ठेवलेल्या, रजिस्टर माझ्या काखेत, पेनाचं टोपण काढलेलं. एक चांदणी आली. दुसरी आली. मामा मध्यभागी उभे राहून हात डोळ्यांवर धरून बघत होते.

"दोनच हायत."

जरा वेळानं पुन्हा, "दोनच."

पुतण्यानं खिशातून फोन काढला. "काका, यात वेळ दिलीय. शब्बाथ केव्हाच संपला."

"संपायच्या आधी फोन उघडलासच कसा?" मामा म्हणाले. पोरानं फोन खिशात घातला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण कुणीतरी म्हणालं, गाडी चुकेल. रिक्षावाले फाटकाशी हॉर्न वाजवायला लागले.

पुतण्या माझ्याकडं वळला. "तुम्ही बघा. तुम्ही बाहेरचे, तुमची नजर चांगली आहे. किती दिसतात?"

मी वर पाहिलं. लाइनच्या पलीकडं आभाळ स्वच्छ होतं. एक, दोन, तीन, आणि पाण्याच्या टाकीवर चौथी. मी तोंड उघडलं आणि खाली मामांकडं पाहिलं. ते वर बघतच नव्हते. चष्म्यावरून माझ्याकडं बघत होते. नोटीस वाचून पाहिलं होतं, तसंच.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. या माणसाला शनिवार माहीत नव्हता? जो बटणाला हात लावत नाही, त्यानं शनिवारी सह्यांची सभा आहे हे दोनदा वाचलं आणि मुकाट्यानं सही केली? त्यांना जायचंच नव्हतं. मुलीला नाही म्हणवत नव्हतं, ट्रस्ट वाऱ्यावर सोडवत नव्हता, आणि मी मूर्ख घाईघाईनं त्यांची बॅग भरून देत होतो. मला हसू येत होतं आणि रडूही. कौलांचं काय, बँकेचं काय, खरं बोलावं की काय करावं, काही कळेना.

"दोनच," मी म्हणालो.

सह्यांना मुकादमाची वेळ आणि गाडीला फोनमधली, असं करून मंडळी पिशव्या उचलून पळाली. रिक्षा गेल्या. अंगणात आम्ही दोघं आणि ते कोरं रजिस्टर. मामा आत जाऊन, शब्बाथभर ज्याला हात लावला नव्हता त्या दिव्यात तेल घालून आले.

एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगीच होती; ती शब्बाथ मामांइतका कडक पाळत नाही. मामांनी तो सरळ माझ्या हातात दिला आणि पायरीवर जाऊन बसले.

"झाली का सभा?" तिनं विचारलं.

"सभा झाली. सह्या राहिल्या. शब्बाथ होता ना."

"शनिवारी सभा ठेवली कोणी?"

"मी ठेवली. चूक माझीच."

ती हळूच म्हणाली, "बाबांनी नोटीस वाचली नव्हती?"

मी पायरीकडं पाहिलं. मामा पाठमोरे बसले होते, कान मात्र माझ्याकडंच होता.

"वाचली होती," मी म्हणालो.

"चष्मा लावून?"

"हो."

पलीकडून तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही आहात ना शेजारी? पुढच्या शनिवारी आठवणीनं पंखा लावा त्यांचा."