शेवटच्या भागावरून झालेली भांडणं

डबिंग स्टुडिओत एकच वाक्य वीस-वीस वेळा बोललं जातं. त्यामुळे होतं काय, की पडद्यावरची वाक्यं डोक्यातून साफ पुसली जातात आणि दोन टेकच्या मध्ये जे बोललं जातं, तेच लक्षात राहतं. बारा वर्षं अंधेरीतल्या एका स्टुडिओत स्क्रिप्ट सांभाळते मी. परदेशातल्या गाजलेल्या सिरीज आमच्याकडे येतात आणि मराठी बोलायला लागून बाहेर पडतात. घरी मुलगी विचारते, "आई, आज कुठली सिरीज केलीस?" मला नाव आठवत नाही. भांडण आठवतं!

भांडण कायम एकच. सिरीज ही कला की नुसता टाइमपास?

'कला' म्हणणारे आमचे देसाई सर. बोरीवलीचे. डबिंग डायरेक्टर, वय साठ. चांगला शॉट आला की हात जोडून बसतात, देवळात बसल्यासारखे. 'कला नाही' म्हणणारे आमचे भाषांतरकार परब. वडील गिरणीत होते, स्वतः आता कांजूरमार्गला राहतात आणि नाटक सोडून कशालाच कला म्हणत नाहीत.

परबांचा मुद्दा बिनतोड असायचा. "कलेचा शेवट लिहिणारा ठरवतो. तुमच्या सिरीजचा शेवट कोण ठरवतो? लोक बघतायत तोवर ताणायची, बघायचं थांबले की मारून टाकायचं सगळ्यांना!"

"आणि तुमचं नाटक?" देसाई सर म्हणायचे. "ते बुकिंगच्या खिडकीवर ठरत नाही वाटतं?"

मग जेवणाची सुट्टी संपायची.

*

नीलमचं सांगते. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली पोर. पहिल्यांदा आली तेव्हा तिला गर्दीतले आवाज द्यायला बोलावलं होतं. त्याच दिवशी राणीचा आवाज करणाऱ्या बाईंचा घसा बसला. सिरीज गाजलेली, राणी भयंकर, दरबारात एक शब्द बोलली की सरदारांची फाटते! सर वैतागून म्हणाले, "तू म्हणून बघ गं."

नीलम माइकसमोर उभी राहिली. एक वाक्य म्हणाली. काचेपलीकडे आम्ही सगळे सरळ होऊन बसलो.

"कुठे शिकलीस हे?" सरांनी विचारलं. "नाटकात होतीस?"

"नाय सर. माझी आई बाजारात पापलेटचा भाव सांगते ना, तसं म्हटलं!"

तेव्हापासून जगातल्या सगळ्या राण्या आमच्याकडे नीलमच करते.

*

एका सिरीजमध्ये एक म्हातारा बाप, तोंडाचा फटकळ, मुलीशी वर्षानुवर्षं अबोला. शेवटच्या भागात ती निघताना तो पुटपुटतो. दोनच अक्षरं. अर्थ असा, की माफ कर.

परबांनी 'माफ कर' लिहिलं आणि स्वतःच खोडलं. "हा बाप असं बोलणार नाही." मग 'चुकलं माझं'. ते ओठांना बसेना, लांब होतंय. मग 'सॉरी'. त्यावर स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. चार दिवस गेले. बाकीचा भाग रेकॉर्ड झाला, तेवढी जागा रिकामी.

पाचव्या दिवशी सकाळी मला फोन. "लिहून घे. 'असो.' एवढंच. खाली बघून म्हणायला सांग."

रेकॉर्ड झालं. देसाई सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "परब, टाइमपाससाठी कोणी चार दिवस एका शब्दावर बसतं का हो?"

"मी कामावर बसलो होतो," परब म्हणाले. "कलेवर तुम्ही बसा!"

*

मटारची गोष्ट तर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. खूप नावाजलेली सिरीज. शेवटच्या भागाच्या शेवटी काय, तर एक बाई स्वयंपाकघरात बसून मटार सोलते. चार मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही. सोलते आणि संपतं!

आमच्या साउंडवाल्या संदीपला वाटलं फाइल बिघडलीय. त्यानं क्लायंटला मेल टाकला, 'शेवटचा सीन मिळालेला नाही, कृपया पाठवा.' उत्तर आलं, 'हाच शेवटचा सीन आहे.'

मग त्या चार मिनिटांचं डबिंग. म्हणजे नुसते श्वास.

"नीलम, तिला नवऱ्याचा राग आलाय," सर सांगतायत.

"सर, मटार सोलतेय ती!"

"रागानं सोलतेय."

सहा टेक झाले. सहाव्याला खरंच कळत होतं की बाईचा राग हळूहळू उतरतोय आणि नुसता थकवा उरलाय. तेव्हा माझं मागे लक्ष गेलं. परब कोपऱ्यातल्या खुर्चीवर! त्यांचं काम तर कालच संपलेलं.

मी म्हटलं, "आज तुमचा एकही शब्द नाही. आलात कशाला?"

"म्हणूनच आलो. बाई एवढं सांगते, तेही माझ्याशिवाय. बघायला नको?" मग उठता उठता देसाई सरांकडे बघून, "पण कला नाही हं!"

*

एकदा मात्र प्रकरण गंभीर झालं. दोन भाऊ, वडिलोपार्जित घर, विकायचं की नाही यावरून दहा भाग भांडण. अकराव्या भागाच्या शेवटी दोघं अंगणातल्या बाकावर येऊन बसतात. कोणी काही बोलत नाही. संपलं.

क्लायंटच्या मॅडमचा फोन आला. "मराठी प्रेक्षकाला हे कळणार नाही. पाठमोरे आहेत ना दोघं? मग एक वाक्य टाका, 'घर विकायचं नाही.' ओठ दिसतच नाहीत."

पुढच्या तीन सिरीज त्याच मॅडमच्या हातात. देसाई सर, इतकी वर्षं कला-कला करणारे, त्या दिवशी गप्प. स्टुडिओ चालवायचा होता त्यांना. मला त्यांचा राग नाही आला, वाईट वाटलं.

फोन स्पीकरवर होता. परब पुढे वाकले. "मॅडम, मी लिहिणार नाही."

"का?"

"लिहिणाऱ्यानं लिहिलेलं नाही म्हणून."

"अहो, पण लोकांना कळणार नाही!"

"माझ्या आईला मी काल गोष्ट सांगितली. ती चौथी शिकलीय, मालवणची. ती म्हणाली, 'दोघय एकाच बाकड्यार बसले मां? मगे झाला तर!'"

मग मॅडम म्हणाल्या, "राहू दे तसंच."

तिन्ही सिरीज आल्या. परब मात्र दिवसभर चिडलेले. देसाई सरांनी विचारलं तर म्हणाले, "तुमची बाजू मला मांडायला लागली!"

*

आणि हे गेल्या हिवाळ्यातलं.

समुद्रकाठच्या गावातली एक बाई. नवरा बोटीवर गेलेला परत आलाच नाही. आठ वर्षांनी पोलिस येऊन सांगतो, बोटीच्या फळ्या सापडल्या. ती म्हणते, "बरं." आत जाते, दार लावते. सिरीज संपते.

नीलमचं काम झालं होतं, फायनल मिक्स लावून आम्ही ऐकत होतो. तेवढ्यात तिचे वडील डबा घेऊन आले. कोळीकाका. मासेमारीत आयुष्य गेलेला माणूस. सर म्हणाले, "बसा, बघा लेकीचं काम." ते बसले नाहीत, दाराशी उभे राहून बघत होते.

संपल्यावर नेहमीचं सुरू.

"मान्य केलं तिनं," परब म्हणाले. "दार लावलं, कडी घातली, विषय संपला. हा शेवट मी मानतो."

संदीप खूश. बाहेरून येणाऱ्या ट्रॅकमध्ये बारीकसारीक आवाज कधी गळालेले असतात, ते तो इथे भरतो. कडीचा आवाज त्यानंच टाकला होता.

काका हळूच म्हणाले, "कडी नाय लावलीन तिनं."

"लावली की काका, आवाज आला ना!"

"आवाज आला. हात नाय गेला. दार लोटलंय नुसतं."

संदीपनं मागे घेऊन लावलं. हळू करून लावलं. बाईचा हात दारावरून खाली येतो आणि तसाच बाजूला जातो. कडीला लागतच नाही.

आम्ही सगळ्यांनी तो सीन चाळीसदा तरी पाहिला असेल.

संदीपनं कडीचा आवाज काढून टाकला आणि शेवट पुन्हा लावला. दार लोटल्याचा आवाज, मग नुसता वारा. देसाई सरांचे हात जोडलेले. परबांनी मान खाली घातलेली.

काका डबा नीलमकडे देऊन चपला घालत होते. संदीपनं विचारलं, "काका, तुमच्या एका फटक्यात कसं लक्षात आलं?"

"माजी आय बी लावायची नाय," काका म्हणाले.